वाळवंटातली दोन बिऱ्हाडे

वाळवंट हा शब्द ऐकला की आपल्यापुढे उंट उभा राहतो. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकाने केलेला तो संस्कार आहे आणि तो सहजासहजी पुसला जात नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या ॲरिझोना राज्यात आणि पलीकडे मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरन वाळवंटात मात्र उंट नाही, आणि वाळूच्या टेकड्याही क्वचितच. उलट तिथे झाडी चिक्कार आहे. फक्त त्या झाडीतल्या बहुतेकांनी अंगावर काटे धारण केले आहेत. सवारो नावाचा निवडुंग चाळीस फूट उंच वाढतो आणि पोलिसाने हटकलेल्या माणसासारखा हात वर करून उभा राहतो. तो दीडशे वर्षे सहज जगतो, आणि पहिला हात फुटायलाच त्याला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेतलाच. त्याचे सारे भाऊबंद इथे भेटतात. परमुलखात गावचे माणूस भेटावे, तसा मला त्या निवडुंगाचा फार आधार वाटला.

ह्या वाळवंटात टूसॉन नावाचे शहर आहे. त्याच्या स्पेलिंगमधला 'सी' उच्चारताना गिळून टाकायचा असतो, हे मला विमानतळावरच शिकवण्यात आले. नाव मूळचे तिथल्या ओओडम लोकांच्या भाषेतले. अर्थ, 'काळ्या डोंगराच्या पायथ्याशी'. आपल्याकडे असते तर गावाला 'काळडोंगरी' म्हटले असते आणि एस. टी.च्या पाटीवर ते झोकात शोभले असते. १७७५ साली स्पॅनिश लोकांनी इथे लष्करी ठाणे बांधले. आज शहर आणि आसपासचा परिसर मिळून वस्ती दहा लाखांच्या घरात गेली आहे, आणि नव्या वसाहती वाळवंट कुरतडत डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पोहोचल्या आहेत.

माझी धाकटी बहीण वैजयंती अशाच एका वसाहतीत राहते. गेल्या वर्षी जुलै महिन्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, अशी डॉक्टरांची आज्ञा. तिचे यजमान श्रीकांतराव दिवसभर नोकरीवर, आणि मुलगा चिन्मय नऊ वर्षांचा. तेव्हा माहेरचे कोणीतरी जायला हवे होते. मराठीच्या प्राध्यापकाचा तिथे उपयोग काय, असा प्रश्न आमच्या घरात निघाला. पण कुकर लावता येतो, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. रजा मंजूर झाली आणि ऐन आषाढात मी वाळवंटात दाखल झालो.

तिथे पहिला धक्का बसला तो एका शब्दाचा. टूसॉनचे लोक जुलैतल्या पावसाला चक्क 'मॉन्सून' म्हणतात! अरबी 'मौसिम' पासून आपला 'मोसमी' झाला आणि इंग्रजांचा 'मॉन्सून'. तोच शब्द अर्धी पृथ्वी ओलांडून इथे येऊन बसला आहे. पाऊस मात्र बेताचा. वर्षभरात मिळून अकरा-बारा इंच, आणि त्यातला निम्माशिम्मा ह्या उन्हाळी मोसमात. महाबळेश्वरला एवढा पाऊस एका दिवसात पडू शकतो! पण त्या अकरा इंचांवर सारे वाळवंट वर्षभर डोळे लावून बसलेले असते. दुपारी कॅटालिना डोंगरावर ढग चढतात, वारा सुटतो, आणि पहिला थेंब पडण्याआधीच क्रिओसोट नावाच्या झुडपाचा उग्र, औषधी वास दरवळू लागतो. आपल्या मृद्गंधासारखाच तो टूसॉनकरांच्या काळजात जाऊन बसलेला आहे. ह्या पावसाआधीचा जून मोठा भयंकर. २६ जून १९९० रोजी इथे पारा ४७ अंश सेल्सियसला पोहोचला होता.

वैजूच्या घरामागच्या अंगणात दोन बिऱ्हाडे होती. दोघांनीही भाडे कधी दिले नव्हते. पहिले बिऱ्हाड सशाचे. ह्या सशाला तिथे 'डेझर्ट कॉटनटेल' म्हणतात. शेपटीखाली कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोंडा, म्हणून कॉटनटेल. वजन सुमारे एक किलो, रंग मातकट करडा, कान लांब आणि पातळ. ऊन आले की ते कान उलट्या बाजूने पेटल्यासारखे गुलाबी दिसत. दुसरे बिऱ्हाड अंगणाच्या टोकाला, कुंपणाच्या बुटक्या भिंतीपाशी. रुपयाएवढे गोल भोक, काठावर कोळिष्टकाचे बारीक अस्तर. आत राहत होती एक टॅरंटुला जातीची कोळीण. शास्त्रज्ञांनी १९४० साली ह्या जातीला 'ॲफोनोपेल्मा चॅल्कोडीस' असे भारदस्त नाव दिले. स्थानिक लोक तिच्या फिकट सोनेरी केसांमुळे तिला 'ब्लाँड' म्हणतात. अंग बोटभर, पण पसरलेले आठही पाय धरले तर चहाच्या बशीएवढी.

ह्या दोन बिऱ्हाडांना घरात मिळणारी वागणूक पाहून मी थक्क झालो. वैजूने मोठ्या हौसेने लावलेल्या गवारीचे कोवळे शेंडे ससा रोज पहाटे खाऊन टाकी. भेंडीची दोन रोपे त्याने बुडापासून कुरतडली. तरीही खिडकीतून तो दिसला की सगळे घर कौतुकाने हळू आवाजात बोलू लागे. "आला बघ, आला!" चिन्मय त्याच्यासाठी गाजराचे तुकडे ठेवी. उलट, जी कोळीण अंगणातले नाकतोडे, भुंगेरे आणि झुरळे खाऊन घराची बिनपगारी नोकरी करत होती, तिचे नाव निघाले की वैजूच्या अंगावर काटा येई. तीन महिन्यांनी एकदा कीटकनाशक फवारणारा माणूस येई. त्याची पुढची खेप ऑगस्टअखेरीस होती. "ह्या वेळी त्याला ते बीळ दाखवायचेच," असे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले. चोराला गाजर आणि पहारेकऱ्याला विष, असा तो एकूण न्याय होता.

हा न्याय एकट्या वैजूचा नव्हे. खुद्द हॉलिवुडने तो दिलेला आहे. १९५५ साली 'टॅरंटुला' नावाचा चित्रपट निघाला. ॲरिझोनाच्या वाळवंटात प्रयोगशाळेतून सुटलेला घराएवढा कोळी गावावर चालून येतो, आणि अखेर विमानांतून त्याच्यावर आग ओतावी लागते. प्रेक्षक मनापासून घाबरले. पुढे १९७२ साली त्याच ॲरिझोनात घडणारा 'नाइट ऑफ द लीपस' आला. त्यात औषधाच्या प्रयोगाने ससे अजस्र होतात आणि माणसे खात सुटतात. चित्रपटात मोठमोठे नट होते, रक्तही भरपूर होते, पण प्रेक्षक हसले. कॅमेऱ्याने कितीही मोठा केला तरी ससा तो ससाच! १९७७ साली 'किंगडम ऑफ द स्पायडर्स' आला, तोही ॲरिझोनातलाच. त्यासाठी हजारो जिवंत टॅरंटुला जमवण्यात आले. पडद्यावर माणसे कोळ्यांना बळी पडतात. जमवलेल्या त्या कोळ्यांच्या वाट्याला काय आले असेल, ह्याची चौकशी करायला मात्र कोणी तिकीट काढले नाही.

आपणही ह्या बाबतीत फार वेगळे नाही. आपल्या भाषेने सशाला थेट चंद्रावर नेऊन बसवले. शशी, शशांक, शशधर ही चंद्राची नावे त्याच्यावरून पडली. मौजेची गोष्ट अशी की, मेक्सिकोतल्या प्राचीन अझ्टेक लोकांनाही चंद्रावर ससाच दिसत असे. कोळ्याच्या वाट्याला आपल्याकडे काय आले? कोळिष्टक! तेही दिवाळीच्या साफसफाईत झाडूने काढून टाकण्यापुरते. 'टॅरंटुला' ह्या शब्दाचा इतिहास तर अन्यायाचाच आहे. दक्षिण इटलीत टारांटो नावाचे शहर आहे; तिथल्या एका वेगळ्याच कोळ्याला हे नाव होते. तो चावला की माणसाने बेभान नाचावे, तरच विष उतरते, अशी तिथे समजूत होती. युरोपियन लोक अमेरिकेत आले, त्यांनी हे मोठे केसाळ कोळी पाहिले आणि जुने भय नव्या प्राण्याला चिकटवून दिले. प्रत्यक्षात ॲरिझोनाच्या ह्या कोळिणीचा चावा मधमाशीच्या डंखाइतपत, आणि तोही ती सहसा घेत नाही. फारच छळले तर मागच्या पायांनी पाठीवरचे बारीक केस झाडते. ते कातडीला लागले की खाज सुटते. डोळ्यांत गेले तर मात्र त्रास होतो. म्हणून तिला हाताळू नये, एवढे पथ्य पुरे.

सशाच्या बाबतीत आपल्या मराठीत एक घोटाळा आहे, तोही सांगून टाकतो. इंग्रजीत 'रॅबिट' आणि 'हेअर' असे दोन निराळे प्राणी. आपण दोघांनाही ससाच म्हणतो. आपल्या माळरानावर पळतो तो हेअर. त्याची पिल्ले जन्मतःच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. कॉटनटेल हा रॅबिट. त्याची पिल्ले उघडीवाघडी आणि आंधळी जन्मतात. टूसॉनच्या आसपास 'जॅकरॅबिट' नावाचा लांबकान्या प्राणी दिसतो. तो नावाने रॅबिट आणि जातीने हेअर. तेव्हा घोटाळा एकट्या मराठीत नाही, हे ऐकून मला जरा बरे वाटले.

आता प्रश्न असा की, चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या ह्या भूमीत एवढासा ससा आणि एवढीशी कोळीण टिकतात कशी? दोघांची तऱ्हा अगदी निराळी. ससा स्वतः बीळ खणण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. झुडपाखाली उथळ खळगा करून बसतो, नाहीतर दुसऱ्या कोणी खणलेल्या बिळात शिरतो. आपल्या भाषेत पोटभाडेकरू! दुपारभर तो मेस्किटच्या सावलीत निपचित असतो. त्याच्या पातळ कानांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. पाणी प्यायला मिळाले तर ठीक. नाहीतर फड्या निवडुंगाच्या रसाळ पानांतले, गवतातले आणि दवातले पुरते. जे खातो त्यातले सत्त्व वाया जाऊ नये म्हणून तो स्वतःच्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो. पण हा लेख फराळाच्या ताटाशेजारी वाचला जाईल, म्हणून तो तपशील इथेच आवरतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचे दिसते. शत्रू दिसला की नागमोडी पळत सुटायचे. पळणे हेच त्याचे घर आणि तेच त्याचे दार.

कोळिणीचे सगळे उलट. तिला आठ डोळे, पण उजेड-अंधारापलीकडे फारसे दिसत नसावे. तिचे खरे डोळे म्हणजे पायांवरचे केस. जमिनीवरून भुंगेरा चालत गेला तरी त्याची थरथर तिला कळते. ती पळत नाही आणि शिकारीसाठी हिंडतही नाही. हात-दीड हात खोल बिळात, जिथे वरच्या काहिलीची झळ पोहोचत नाही, ती दिवस काढते. दिवसा दारावर धाग्यांचा विरळ पडदा ओढून घेते. रात्री दारात येऊन बसते आणि कोणी चालत आले तर झडप घालते. कोणी आले नाही, तर बसून राहते. कित्येक महिने अन्नावाचून काढण्याची तिची तयारी असते. थंडी सुरू झाली की माती आणि धागे ह्यांनी दार लिंपून घेते आणि थेट वसंतात उघडते. उंबरठ्याच्या आत राहून संसार नेटका चालवणाऱ्या जुन्या पिढीतल्या एखाद्या मावशीसारखी ती मला वाटू लागली.

टूसॉनच्या पश्चिमेला डोंगरात ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्यूझियम आहे. नाव म्यूझियम, पण ते अर्धे प्राणिसंग्रहालय आणि अर्धे उद्यान आहे. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था; वाळवंटातले प्राणी आणि वनस्पती तिथे त्यांच्याच मुलखात पाहायला मिळतात. एका रविवारी श्रीकांतराव आम्हां मामाभाच्यांना तिथे सोडून गेले. तिथले मार्गदर्शक बरेचसे निवृत्त गृहस्थ आणि गृहिणी, हौसेने काम करणारे. काचेपलीकडची टॅरंटुला दाखवत त्यांतल्या एका आजोबांनी चिन्मयला विचारले, "हिचे वय किती असेल?" चिन्मय म्हणाला, "दोन?" आजोबा हसले. ह्या जातीची मादी वयात यायलाच आठ-दहा वर्षे घेते, आणि पुढे वीस वर्षांची, क्वचित त्याहूनही अधिक होते. नर मात्र दहाएक वर्षे बिळात काढून वयात येतो आणि त्यानंतर काही महिन्यांतच संपतो. आणि ससा? रानात दोन वर्षे काढली तर तो दीर्घायुषी म्हणायचा. परतताना चिन्मय गाडीत गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मागच्या अंगणातली माझ्यापेक्षा मोठी आहे?"

ह्याचे उत्तर शेजारच्या आजीबाईंनी दिले. त्या निवृत्त शिक्षिका. आपण अकरा वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हापासून भिंतीपलीकडचे ते बीळ पाहतो आहोत, असे त्या म्हणाल्या. मादी सहसा बीळ बदलत नाही. आल्या तेव्हा ती पुरी वाढलेली होती, म्हणजे आज विशीच्या आसपास असावी. चिन्मयच्या जन्माआधीची आणि श्रीकांतरावांच्या घराच्या कर्जाआधीची!

मग मी मनाशी हिशोब मांडला. कॉटनटेलची मादी अठ्ठावीस दिवसांत विते. एका खेपेला दोन ते चार पिल्ले, आणि अशा खेपा वर्षातून अनेक. पिल्ले तीन-चार महिन्यांत स्वतः वयात येतात. सगळी जगली तर चार वर्षांत टूसॉनमध्ये माणसाला पाय ठेवायला जागा उरणार नाही. कोळीणही लेकुरवाळेपणात कमी नाही. तिच्या एका अंडकोषातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. तीही सगळी जगत नाहीत. पाली, पक्षी, मुंग्या आणि दुसरे कोळी त्यांची वाट पाहतच असतात. दोन्ही घराण्यांची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहते, ह्याचा अर्थ एवढाच की, एका जोडप्यामागे अखेर दोनच पिल्ले मोठी होऊन आईबापांची जागा घेतात. वाळवंटाचा हिशोब दोघांना एकच आहे; मुदत तेवढी वेगळी. ससा कर्ज काढतो आणि वर्षभरात फेडतो. कोळीण पै-पै करून वीस वर्षांत फेडते. म्हणून एक ससा गेला तर त्याची जागा पुढच्या वसंतात भरून निघते. विशीतली एक कोळीण गेली, तर ती जागा भरायला दहा वर्षे लागतात. आणि तीही मधल्या काळात कोणी तिथे फरशी घातली नाही तर.

हा हिशोब कागदावरचा राहिला नाही. जुलैच्या शेवटी गवारीच्या वाफ्यात, गवताने आणि आईच्या पोटाच्या मऊ केसांनी झाकलेल्या खळग्यात, सशाची तीन पिल्ले चिन्मयला सापडली. आई दिवसभर तिकडे फिरकत नसे. तिन्हीसांजेला येऊन पाजून जाई. पंधरा दिवसांत पिल्ले बाहेर उड्या मारू लागली. एके सकाळी आमच्या डोळ्यांदेखत कूपर्स हॉक नावाच्या शिकारी पक्ष्याने त्यांतले एक उचलले. कसलाही आवाज झाला नाही. चिन्मय दिवसभर जेवला नाही. दोन दिवसांनी त्याच वाफ्यात आई शांतपणे भेंडीचे पान खात बसली होती. तिच्या पोटात एव्हाना पुढची खेप असेलही. मात्र ही भरपाई ससा नेहमीच करू शकेल, असेही नाही. २०२० साली सशांना मारणाऱ्या रक्तस्रावी विषाणूची साथ ॲरिझोना आणि शेजारच्या राज्यांत पसरली, आणि रानातले ससे मोठ्या संख्येने मेले.

कोळिणीच्या घराण्याचे दुर्दैव आम्हांला साबिनो कॅनियन नावाच्या दरीत दिसले. पावसाने ओल्या झालेल्या पायवाटेवरून निळ्याकाळ्या अंगाची आणि विस्तवासारख्या पंखांची एक मोठी गांधीलमाशी काहीतरी ओढून नेत होती. तिच्याहून कितीतरी मोठा टॅरंटुला! ह्या माशीला 'टॅरंटुला हॉक' म्हणतात. ती कोळ्याला डंख मारून लुळा करते, बिळात ओढून नेते, त्याच्या अंगावर एकच अंडे घालते आणि दार बुजवून निघून जाते. अंड्यातून निघालेली अळी त्या जिवंत कोळ्याला थोडेथोडे खात वाढते. टूसॉनमध्ये जस्टिन श्मिट नावाचे एक कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जन्मभर नाना कीटकांचे डंख स्वतः सोसून वेदनेची प्रतवारी लावली. त्यात ह्या माशीला त्यांनी सर्वांत वरचा, चौथा वर्ग दिला. २०२३ साली ते निवर्तले. चिन्मय बराच वेळ त्या वाटेकडे पाहत उभा होता. "त्याला कोणी गाजर देत नाही," एवढेच तो म्हणाला.

ऑगस्टच्या मध्याला एका पावसानंतर नर आला. काळसर, सडपातळ, पाय लांब. मोसमी पाऊस पडला की दहा वर्षे बिळात काढलेले नर माद्यांच्या शोधात बाहेर पडतात आणि ॲरिझोनाच्या रस्त्यांवर मोटारींखाली चिरडले जातात. आमच्याकडचा भिंतीवरून उतरून बिळाच्या दाराशी थांबला आणि पुढच्या पायांनी जमिनीवर टकटक करू लागला. वैजू त्या वेळी मागच्या व्हरांड्यात पाय उशीवर ठेवून बसली होती. गुडघ्याच्या ठणक्याने तिला रात्री झोप लागत नसे. दोन-दोन वाजेपर्यंत ती तिथे बसून राही. "दादा, टॉर्च दे," ती म्हणाली. कोळीण दारात आली. नराने पुढच्या पायांच्या आकड्यांनी तिचे सुळे अडवून धरले, क्षणभर दोघे एकमेकांपुढे उभे राहिले, आणि मग तो मागच्या मागे पळत सुटला. "सुटला बिचारा," वैजू म्हणाली. त्या 'बिचारा' शब्दाने मला आशा वाटली.

पण प्रश्न सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला, तेव्हा वैजू सरळ म्हणाली, "दादा, तू महिनाअखेर जाशील. पोर माझे ह्या अंगणात खेळते." तिचे म्हणणे खोटे नव्हते. परदेशात, अपुऱ्या मनुष्यबळावर, एका पायावर संसार करणाऱ्या बाईला कोळ्यांवर व्याख्यान देणे सोपे असते. मी गप्प बसलो. आपल्या सह्याद्रीतही ह्याच कुळातले कोळी राहतात. भारत आणि श्रीलंकेतले झाडांच्या ढोलीत राहणारे, सुंदर नक्षीचे 'पोसिलोथेरिया' परदेशी शौकिनांना विकले जातात, म्हणून २०१९ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. हे मला ठाऊक होते. पण तेही मी तिला सांगितले नाही.

त्यानंतरच्या रात्रीही वैजू व्हरांड्यात बसतच होती. तिला चालता येत नव्हते आणि समोर एक दुसरी अशी होती, जी चालत नव्हती. कधी मी पाण्याचा तांब्या ठेवायला जाई, तेव्हा ती सांगे, "आज तिला नाकतोडा मिळाला," किंवा, "तीन रात्री झाल्या, काही नाही मिळाले बघ." फवारणीवाला आला त्या दिवशी मी भांडी घासत होतो. वैजू कुबड्या घेऊन दारापर्यंत गेली आणि त्याला म्हणाली की, मागच्या भिंतीकडे जायचे नाही. त्याने कारण विचारले. तिने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. संध्याकाळी श्रीकांतराव आणि चिन्मय ह्यांनी बिळाभोवती हातभर अंतरावर दगडांचे कडे मांडले. त्याच्या आत पाय ठेवायचा नाही आणि हात तर मुळीच लावायचा नाही, असा कायदा झाला. कायदा करणारी वैजूच.

मी परतलो. नोव्हेंबरात तिचा फोन आला: गुडघा आता बरा आहे, आणि बिळाचे दार मातीने लिंपून बंद झाले आहे. मार्चअखेर दार उघडले, तेव्हा चिन्मयने फोटो पाठवला. त्यात काळे भोक आणि दोन पायांची टोके, एवढेच दिसते. सोबत त्याने मराठीत लिहिले होते, 'मामा, गवारीत ससा पण परत आला.' तो परत आलेला ससा बहुधा दुसराच कोणीतरी असणार. पहिल्याचा नातू असेल, पणतू असेल. पण दगडांच्या कड्यातली मात्र तीच.